आर्वेनचा राखाडी गाऊन, पुण्यातल्या रिसेप्शनसाठी

मागणी रिसेप्शनच्या गाऊनची होती. संदर्भ होता जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी, त्यातली एल्फ वंशातली आर्वेन. नवऱ्या मुलीची अट एकच: सिनेमातला नको, पुस्तकातला हवा.

ऐकायला सोपी वाटणारी ही अट फार महाग पडते, कारण पुस्तकात कपड्यांबद्दल फारसं काही नाहीच. १९५४ साली आलेल्या पहिल्या खंडात रिव्हेंडेलची मेजवानी आहे. तिथे कादंबरीचा नायक फ्रोडो याला आर्वेन पहिल्यांदा दिसते. डोक्यावर चंदेरी लेसची टोपी आणि तिच्या जाळीत बारीक, पांढरे, चमकते खडे. अंगात मऊ राखाडी वस्त्र. त्यावर शोभेचं काहीही नाही, फक्त चांदीच्या पानांचा कमरपट्टा. वेण्या, गोरे नितळ हात आणि राखाडी डोळे यांचाही उल्लेख येतो. बस, एवढंच. गळा कसा, बाही केवढी, घेर किती, मागे लोळणारं शेपूट होतं की नव्हतं, यावर एक अक्षर नाही. शेवटी राजा झालेल्या ॲरागॉर्नशी तिचं लग्न लागतं, त्या दिवशीच्या पोशाखाचंही वर्णन नाही.

सिनेमानं ही पोकळी भरून काढली आहे. पीटर जॅक्सनच्या तिन्ही चित्रपटांची वेशभूषा न्गीला डिक्सनची; तिसऱ्या चित्रपटासाठी तिला आणि रिचर्ड टेलरला ऑस्कर मिळालं. काम देखणं आहे, वादच नाही. पण आज कुणी 'आर्वेन' म्हणालं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच मखमली गाऊन येतात आणि त्यांच्या बऱ्यावाईट नकला कुठेही मिळतात. मुलीला नेमकं तेच टाळायचं होतं.

मी ऑर्डर घेतली ती 'शोभेचं काही नाही' या गोष्टीसाठी. रिसेप्शनच्या गाऊनचा आपला धंदा 'कामा'वर चालतो. कटदाणा, सिक्वीन, खडे, आरीवर्क. गिऱ्हाईक काम मोजतं, किंमतही कामावर ठरते. आणि आपल्यातच म्हणून सांगायचं तर, काम भरलं की शिवण झाकली जाते. छातीवरचा टक्स जरा ओढतोय? त्यावर वेल घ्या. शिवणीला सुरकुती आली? लेस लावा. इथे ती सोय नव्हती. साध्या राखाडी कापडावर प्रत्येक टीप उघडी पडणार होती, तेही तीन कॅमेरे आणि स्टेजच्या दिव्यांसमोर. मुलीला मी पहिल्या भेटीतच सांगितलं की हा गाऊन भरजरी गाऊनपेक्षा स्वस्त पडणार नाही. उलट मजुरी जास्त लागेल, आणि लोक विचारतील, 'एवढे पैसे कशाचे?' तिनं हसून विषय संपवला. आईनं संपवला नाही.

राखाडी? लग्नात?

आईचा आक्षेप रंगाला होता आणि आजीनं त्याला नाव दिलं: सुतकी. हा भाग शिवणकामाचा नव्हे असं कुणाला वाटेल. माझ्या अनुभवात निम्मे गाऊन इथेच बिघडतात. शेवटच्या आठवड्यात घरचं कुणीतरी येतं, 'गळ्याला जरा काहीतरी टाका ना' म्हणतं आणि डिझाइनचा बोजवारा उडतो. म्हणून घरच्यांची समजूत मापं घेण्याआधीच काढायची, असा माझा नियम आहे.

तोड पुस्तकातच निघाली. तिसऱ्या खंडाच्या पुरवणीत ॲरागॉर्न आणि आर्वेनची गोष्ट वेगळी सांगितली आहे. तो तिला पहिल्यांदा पाहतो तेव्हा ती बर्चच्या पांढऱ्या खोडांमधून चालत असते आणि तिच्या अंगावर निळा-चंदेरी झगा असतो. हे वाचून दाखवल्यावर मुलगी स्वतःच म्हणाली, "मग शेला घेऊ या." येवल्याच्या विणकराला निळ्या रेशमाचा, चंदेरी जरीच्या काठाचा शेला विणायला सांगितला. बुट्ट्या नाहीत, मोर नाहीत, पदराला फक्त जरीच्या पट्ट्या. आईला निळा रंग मिळाला, आजीला येवल्याचं काहीतरी मिळालं आणि गाऊनला कुणी हात लावला नाही. हातमागाच्या कामाला वेळ लागतो, त्यामुळे गाऊनचं कापडसुद्धा ठरण्याआधी शेल्याची ऑर्डर गेली होती.

कापड

टसरचा मोह झाला. भंडारा-गडचिरोलीकडचं टसर हातात घेतलं की सोडवत नाही. पण त्याचा मूळ रंग मधासारखा पिवळसर, त्यामुळे त्यावर राखाडी चढवली की मातकट दिसते. शिवाय टसर अंगापासून जरा दूर उभं राहतं. वर्णनातला 'मऊ'पणा त्यात येत नाही. सॅटिन मऊ असलं तरी चकाकतं आणि बसल्यावर मांडीवर ज्या घड्या पडतात त्या प्रत्येक फोटोत दिसतात. जॉर्जेट पारदर्शक, म्हणजे अस्तरावरच सगळी भिस्त.

शेवटी जड रेशमी क्रेप घेतलं, बंगळूरहून, न रंगवलेलं. चौरस मीटरला साधारण १२० ग्रॅमचं. क्रेपचं सूत भरपूर पीळ दिलेलं असतं, त्यामुळे पृष्ठभाग बारीक खडबडीत होतो, उजेड मोडतो आणि कापड चकाकत नाही. तरी लोंबतं मात्र झोकात. याच पिळामुळे पाणी लागलं की ते आकसतंही. म्हणून ४४ इंच पन्ह्याचं साडेसहा मीटर घेतलं, हिशेबापेक्षा मीटरभर जास्त, आणि कात्री लावण्याआधी सगळं कापड धुऊन, रंगवून, सावलीत वाळवून घेतलं. आधी कापून मग रंगवायची घाई कुणी करू नये; रंगाच्या भांड्यातून बाहेर आलेलं क्रेप तेच माप घेऊन येत नाही.

राखाडीच्या किती छटा

रंगाऱ्याला 'राखाडी' सांगून भागत नाही. रेशमावर काळा रंग पातळ करून चढवला तर निव्वळ राखाडी क्वचितच मिळते. काळा रंगच बहुधा दोन-तीन रंगांचं मिश्रण असतो आणि पातळ झाला की त्यातला एखादा डोकं वर काढतो: कधी जांभळा, कधी हिरवा. आमच्या रंगाऱ्यानं तीन नमुने काढले. एकात जांभळी झाक होती, ती त्यानं चिमूटभर पिवळ्यानं मारली. दुसरा निळसर. तिसरा थोडा तपकिरीकडे झुकलेला, पावसाळी ढगाच्या पोटासारखा.

उन्हात तिन्ही सुंदर दिसत होते. ते वेगळे पडले हॉलमध्ये. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसणं ही रंगकामातली जुनी डोकेदुखी आहे. एलईडीच्या दिव्यांनी ती वाढवली आहे, कारण स्वस्त एलईडीच्या उजेडात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात. त्यामुळे नमुने घेऊन थेट कार्यालय गाठलं आणि डेकोरेटरच्या माणसाला स्टेजचे दिवे लावायला लावले. निळसर नमुना त्या पिवळ्या उजेडात हिरवट झाला, शेवाळ आल्यासारखा. जांभळी झाक मारलेला अगदी मेला, त्यात जीवच उरला नाही. तपकिरीकडे झुकलेला टिकला, आणि मुलीच्या गव्हाळ कातडीजवळ धरला तेव्हा तिचा चेहरा उजळ दिसला. तोच पक्का केला. फोनवरही फोटो काढून बघितला, कारण पाहुण्यांपैकी निम्मे लोक तो गाऊन फोनवरच बघणार होते.

बेत

आता खरं काम. वर्णन काही सांगत नसेल तर बेत, म्हणजे गाऊन कापायचा आराखडा, कुठून आणायचा? टॉल्किन मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक, त्यामुळे तिथूनच सुरुवात करणं मला रास्त वाटलं. दोन गोष्टी समोर ठेवल्या. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या पश्चिम दारावर बाराव्या शतकाच्या मध्यावरचे उंच, सडपातळ पुतळे आहेत. त्यांतल्या स्त्रियांचे अंगासरशी झगे, लांब लोंबत्या बाह्या आणि पुढे गाठ मारून सोडलेले कमरपट्टे आजही बघायला मिळतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ग्रीनलँडमधल्या हेरयॉल्फ्सनेसचे कपडे. पॉल न्योरलुंड यांनी १९२१ साली तिथल्या जुन्या दफनभूमीत खोदकाम केलं, तेव्हा गोठलेल्या जमिनीत लोकरीचे खरेखुरे झगे सापडले. ते आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. दगडी पुतळ्यावर शिवण दिसत नाही. या झग्यांवर ती बघता येते.

त्या झग्यांचा बेत आमच्या मास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा तर कळीदार आहे." खरंच होतं. पुढचा आणि मागचा सरळ पट्टा, आणि घेरासाठी मध्ये व बाजूंना घातलेल्या त्रिकोणी कळ्या. जुन्या कळीदार कुर्त्याचं हेच गणित. त्यामागचं कारणही एकच: विणलेलं कापड महाग, वाया घालवायचं नाही.

आमचं माप असं ठरलं. पुढचा पट्टा तयार वीस इंच, मागचाही वीस. चार कळ्या: पुढे मधोमध एक, मागे एक, दोन बाजूंना. प्रत्येक कळी खाली २४ इंच आणि उंची ३६ इंच; कंबरेच्या साडेचार इंच खालून सुरू. म्हणजे खालचा घेर ४० आणि ९६ मिळून १३६ इंच, जवळजवळ साडेतीन मीटर. चालताना पुरेसा, आणि आत कॅनकॅनचा फुगीर परकर न घालताही खाली पडणारा. कळीची मध्यरेषा ३६ इंच असली तरी तिची तिरकी बाजू ३८ च्या घरात जाते, म्हणून खालची कड गोलाईत छाटावी लागते. हे विसरलं तर हेमला कळ्यांची टोकं लोंबतात.

या बेताची खरी गंमत उभ्या-तिरक्या धाग्यात आहे. आजकालच्या पॅनेलच्या गाऊनमध्ये दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडतात. दोन्ही ताणतात, त्यामुळे शिवण लाटांसारखी वरखाली होते. इथे कळीची प्रत्येक तिरकी कड पट्ट्याच्या सरळ धाग्याच्या कडेला जोडली जाते. सरळ कड तिरकीला धरून ठेवते. राखाडी क्रेपवर एकही शिवण नाचली नाही ती याच कारणानं.

आधी अख्खा गाऊन मांजरपाटात शिवून पाहिला. मांजरपाट क्रेपसारखं पडत नाही, पण माप खोटं सांगत नाही. छाती, मुंढा, कळीची सुरुवात कुठे हवी, हे सगळं त्यावर खडूनं मारून घेतलं.

कठीण जागा एकच आणि ती अगदी समोर: पुढच्या पट्ट्याला मधोमध चीर देऊन त्यात कळी बसवायची. चिरेच्या टोकाला शिवणीसाठी कापड जवळपास उरतच नाही. दोन धागे इकडेतिकडे झाले की भोक किंवा चुणी. मास्तरांनी चीर द्यायच्या आधी त्या जागी सुलट बाजूनं ऑर्गंझाचा दीड इंची चौकोन ठेवला. चिरेच्या रेषेभोवती बारीक टीप मारली, निमुळत्या बाणासारखी, टोकाशी एकच आडवा टाका. मग कात्री त्या आडव्या टाक्याच्या अगदी तोंडापर्यंत नेली आणि ऑर्गंझा उलट बाजूला लोटला. आता चिरेच्या टोकाला ऑर्गंझाची घट्ट, न उसवणारी कड तयार झाली. कळीचं टोक त्याखाली सरकवून वरचे तीन इंच त्यांनी हातानं शिवले, मेणाचा दोरा घेऊन. उरलेली शिवण मशीनवर, दोन्ही बाजूंनी वरून खाली. इस्त्री केल्यावर टोक सुईसारखं बसलं. हे काम चालू असताना दुकानात कुणी बोललं नाही. रेडिओही मास्तरांनीच बंद केला होता.

शिवून झाल्यावर गाऊन दुकानातल्या शिवणकामाच्या पुतळ्यावर टांगून ठेवला आणि हेमला हातच लावला नाही. कळ्यांचा तिरका भाग स्वतःच्या वजनानं उतरतो, उतरू द्यावा. पाव ते अर्धा इंच उतरला. मग जमिनीपासून पट्टी लावून, नवरी ज्या चपला घालणार त्याच पायात घालायला लावून खडूची रेषा मारली.

केळवणं, चुडा आणि बाकीच्या घरच्या गोष्टी

लग्नाआधीच्या दिवसांत मुलीचं माप स्थिर राहत नाही. केळवणं सुरू झाली की श्रीखंड-पुरी, बासुंदी, घरोघरचा आग्रह. कंबर इंच-दीड इंचानं हलते. काही मुली उलट डाएटवर असतात. साइड चेन लावली की माप बंदिस्त होतं, आणि क्रेपवर चेन हमखास गोळा होते. मध्ययुगीन झग्यांना बाजूला दोरीनं आवळायची पद्धत होतीच. ती घेतली. दोन्ही बगलांखाली हातानं केलेली गोल काजं आणि रेशमी गोफ. दोन इंचांची सवड मिळाली, शार्त्रच्या पुतळ्यांवर दिसतो तसा अंगासरशी बसणारा वरचा भाग मिळाला, आणि जेवणानंतर गोफ सैल करता आला, हे नवरीनं नंतर आवर्जून सांगितलं.

बाहीचा प्रश्न चुड्यानं सोडवला. मराठी नवरीच्या हातात रिसेप्शनला हिरवा चुडा असणारच, आणि असावा. मनगटापर्यंत घट्ट बाही त्यावरून जात नाही. सैल पण बंद बाही घातली तर चुडा आत कोंबल्यासारखा दिसतो. पुस्तकात तिचे हात दिसतात असं म्हटलं आहे, म्हणजे बाही हात झाकणारी नसावी, हा आधार पुरेसा होता. कोपरापर्यंत अंगासरशी बाही, तिथून पुढे उघडून गुडघ्याखाली लोंबणारी. हात उचलला की कापड मागे सरकतं आणि चुडा मोकळा. राखाडीवर तो हिरवा रंग असा उठला की मला वेगळा रंग सुचवायची वेळच आली नाही. बाहीच्या आत मात्र निळं अस्तर दिलं, शेल्याच्या रंगाचं. बाहीची बगल ओढू नये म्हणून तिथे चौबगला, म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा, घातला. नवरीला हात वर करून आशीर्वादाच्या अक्षता झेलायच्या नसल्या तरी नाचायचं होतं.

चांदीची पानं

कमरपट्टा कापडाचा करावा, जरीची पानं भरून, असं एकानं सुचवलं. मला पटलं नाही. पूर्ण गाऊनवर एकच दागिना असेल तर तो खरा धातूचा हवा, तेव्हाच त्याचं वजन दिसतं. कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीच्या पैंजणांचं आणि दागिन्यांचं काम घरोघर चालतं. तिथल्या एका कारागिराकडे गेलो. त्याच्याकडे तयार साच्यांत पिंपळाचं पान होतं, आंब्याचं होतं. मुलीला बर्चचं हवं होतं, कारण पुरवणीत आर्वेन बर्चच्या झाडांमधून चालते. कादंबरीत कमरपट्ट्याची पानं कुठली ते सांगितलेलं नाही, त्यामुळे हा तर्क तिचा, पण चांगला तर्क. आपल्याला बर्च भूर्जवृक्ष म्हणून ऐकून माहीत असतो. पान लहान, अंडाकृती, टोकदार आणि कडेला दाते.

ते दातेच नडले. पहिला नमुना क्रेपच्या तुकड्यावर घासला आणि धागा ओढला गेला. मग दाते कडेपासून आत, पानाच्या पृष्ठभागावर कोरले. कड गुळगुळीत घासली आणि टोक कापडाकडे न येता किंचित बाहेर वळवलं. तीस पानं, प्रत्येकी सात ग्रॅमच्या आसपास, मध्ये कड्या. पुढे गुंफण आणि गुडघ्यापर्यंत लोंबणारी दोन टोकं. एकूण पावणेतीनशे ग्रॅमच्या आत. एवढं वजन कंबरेवर ठेवलं की गाऊन खाली ओढला जातो, म्हणून आतून कंबरेला वेगळी सुती पट्टी दिली जी अंगाला बांधली जाते. कमरपट्ट्याला पेलणारे चार बारीक फासे शिवणीतून बाहेर काढून त्या पट्टीलाच शिवले. भार अंगावर, कापडावर नाही. चांदी लग्नानंतर साडीवरही वापरता येईल, हा मुद्दा आईनंच काढला आणि पट्ट्याचे पैसे तिनं दिले.

टोपीचं फार सांगण्यासारखं नाही. चंदेरी जरीच्या दोऱ्यानं क्रोशाची जाळी विणली, गाठींवर बारीक काचेचे मणी. ब्यूटी पार्लरवालीला आधीच एकदा बोलावून टोपी पिनांवर बसवून बघितली, नाहीतर तिनं आयत्या वेळी फुगवलेला अंबाडा घातला असता.

स्टेजवर

गाऊन उभं राहण्यासाठी चांगला, हे अपेक्षितच होतं. बसल्यावरही चांगला राहिला; पुढची कळी मांडीवर दुभंगून दोन्ही बाजूंना पडली, सोफ्यावर मध्ये ढीग झाला नाही. पाहुण्यांच्या रांगेत दोन मतं ऐकू आली. एका मावशींनी 'साधाच घेतला का गं?' असं विचारलं. फोटोग्राफरनं मात्र शेला काढून ठेवायला सांगितला आणि नुसत्या राखाडीत बरेच फोटो काढले. शेला निळा होता तोवर सगळे शेल्याकडे बघत होते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. नाचताना कमरपट्ट्याची लोंबती टोकं गुडघ्यावर आपटायला लागली, तेव्हा ती वर घेऊन कडीत अडकवली. ही सोय कारागिरानं स्वतःहून ठेवली होती. पैंजण घडवणाऱ्याला पाय हलतात हे कळतं.

गाऊन आता सुती पंचात गुंडाळून आडवा ठेवला आहे. क्रेप टांगून ठेवलं तर कळ्या उतरतच राहतील. कमरपट्टा वेगळ्या डब्यात, कारण काळवंडलेल्या चांदीचा डाग राखाडी रेशमावरून निघत नाही.

त्याच लग्नात आलेल्या एका मुलीनं नंतर दुकानात येऊन हाच गाऊन मागितला, 'फक्त गळ्याला थोडं काम टाकून, आणि रंग वाइन'. वाइन रंग करून देईन म्हटलं. गळ्याला काम हवं असेल तर वेगळा बेत काढू, त्याला कळ्यांचा खर्च करायची गरज नाही. पॅनेलचा गाऊन पुरेल आणि निम्म्या मजुरीत होईल. ती विचार करून सांगते म्हणाली. मास्तरांनी तोवर त्या कळीच्या टोकाचा मांजरपाटातला नमुना भिंतीवर टाचून ठेवला आहे, नव्या मुलांना शिकवायला.